१९५८ साली न बसवलेल्या लिफ्टबाबत

प्रति,
मा. मानद चिटणीस,
हार्कोर्ट मॅन्शन्स सहकारी गृहसंस्था,
तळमजला, जुनी टपाल खोली,
सेंट एल्मो राइज, सिंगापूर.

अर्जदार: सौ. सरोजिनी मनोहर परचुरे, सहसभासद, घर क्र. ४-ड, मागील बाजू.

विषय: मागील लिफ्ट काढून तिच्या जागी 'इतिहास दालन' करण्याचा ठराव रद्द करणे, आणि तोपर्यंत सदर लिफ्टची वीज आजच्या आज चालू करणेबाबत.

संदर्भ: १) समितीचा ठराव दि. १७ मे २०२५.
२) माझे पाच इंग्रजी ई-मेल आणि त्यांवरील आपली पाच उत्तरे, पाचही 'नोटेड विथ थँक्स'ने सुरू होणारी.
३) संस्थेचा उपविधी क्र. ३१, सन १९३९.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत पाहून आपण दचकला असाल. इंग्रजीत पाच वेळा लिहून पाहिले. पाचव्या उत्तरानंतर चौथ्या दिवशी लिफ्टची वीज तोडण्यात आली. आपण नोंद घेता म्हणजे नक्की काय करता, हे मला त्या दिवशी समजले. म्हणून आता उपविधी ३१ चा आधार घेत आहे. तो असा: कोणत्याही सभासदाला आपल्या भाषेत अर्ज करता येईल. चिटणिसाने तो समितीपुढे उभे राहून, एकही ओळ न गाळता, मोठ्याने वाचावा आणि नंतर त्याचा अर्थ इंग्रजीत सांगावा. ज्याच्या घराचा प्रश्न असेल तो मुख्य सभासद वाचनाच्या वेळी समोर हजर असावा. हे सर्व होईपर्यंत त्या विषयावरील ठराव अमलात आणू नये.

हा उपविधी हौसेने केलेला नाही. १९३८ साली चोवीस सभासदांनी भाग घेऊन ही इमारत उभी केली, तेव्हा त्यांत रबराच्या मळ्यांचे स्कॉटिश व्यवस्थापक होते, एक आर्मेनियन वकील होते, जहाजांना माल पुरवणारे पारशी होते, दोन चिनी बंधू होते आणि तिसऱ्या मजल्यावर एक चेट्टियार गृहस्थ होते. त्या चेट्टियारांनी छतातून पाणी गळते अशी तमिळमध्ये तक्रार केली. ती वाचता येत नाही म्हणून आठ महिने तशीच पडून राहिली, आणि एके दिवशी छताचा गिलावा त्यांच्या ताटात पडला. मग हा उपविधी आला. तो अजून रद्द झालेला नाही, कारण रद्द करण्यासाठी आधी तो कोणीतरी वाचावा लागतो.

समितीत मराठी वाचता येणारे आपण एकटेच आहात. दादरला दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, हे आपणच आमच्या गणपतीच्या जेवणात छाती पुढे काढून सांगितले होते. तेव्हा आता उभे राहावे.

२. समितीतील इतर चार सन्माननीय सदस्यांना आम्ही कोण हे बहुधा ठाऊक नसेल. ते पुढच्या लिफ्टने जातात-येतात आणि आमच्या घराचे दार मागच्या बाजूला उघडते. माझे पती श्री. मनोहर परचुरे हे या घराचे मुख्य सभासद. वय चौऱ्याहत्तर. बांधकामातले इंजिनिअर होते. आंग मो किओच्या किती कारखान्यांचे पाये त्यांनी काढले हे ते बोलू शकत असते तर त्यांनीच सांगितले असते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज मात्र पूर्णपणे शाबूत आहे. 'हो' असेल तर ते मान हलवतात. 'नाही' असेल तर डावा हात टेबलावर आडवा फिरवतात, सांडलेले पाणी पुसावे तसा. चिटणिसांनी हे वाक्य दोनदा वाचावे, पुढे लागणार आहे.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना व्हीलचेअरवरून मागच्या लिफ्टने खाली नेत असे. मागच्या फाटकातून खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचे हॉकर सेंटर सात मिनिटांवर आहे. तिथला कॉफीवाला, इथल्या बोलीत कोपीवाला, त्यांना लांबून पाहिले की बिनसाखरेची काळी कोपी ओततो, पेला अर्धाच भरतो आणि नळी घालून डाव्या हाताला ठेवतो. शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. एखादी चाल चुकली की मनोहर हात आडवा फिरवतात आणि सगळे हसतात. दिवसातल्या त्या दीड तासात ते आजारी माणूस नसतात. उरलेल्या साडेबावीस तासांत असतात.

३ जूनला आम्ही साडेसहाला परत आलो, तर लिफ्टला कुलूप आणि कुलपावर सूचना. सूचनेवर आपली सही. चौऱ्याऐंशी पायऱ्या. ज्या दोन बांगलादेशी कामगारांनी तासाभरापूर्वी वीज तोडली होती त्यांनीच माझ्या नवऱ्याला लाकडी खुर्चीत चादरीने बांधून चौथ्या मजल्यावर आणले. त्यांतला एक जण प्रत्येक वळणावर 'सॉरी आंटी, नोबडी टेल अस' म्हणत होता. समितीकडून तेवढेसुद्धा अजून आलेले नाही. वर आल्यावर मनोहर भिंतीकडे तोंड करून बसले आणि रडले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, मी त्यांना असे रडताना पाहिले नव्हते. आज एकोणीस दिवस झाले. हॉस्पिटलच्या तीन तारखा चुकल्या. कोपीवाल्याने तिसऱ्या दिवशी पिशवीत कोपी बांधून वर पाठवली. ती त्यांनी घेतली नाही.

३. आता इमारतीच्या इतिहासाकडे व वैशिष्ट्यांकडे येते, कारण आपल्या समितीला माणसांपेक्षा त्यांत रस आहे असे दिसते.

हार्कोर्ट मॅन्शन्स ही त्या काळातली फार थाटाची इमारत, यात वाद नाही. दर्शनी बाजूला गोलाकार बाल्कन्या. दिवाणखान्यात टेराझोची फरशी आणि तिच्यात होकायंत्राची चांदणी. उंच छतांखाली जाळीदार झरोके, ज्यांतून वारा खेळत असे. गच्चीवर लाकडी नृत्यभूमी, खाली स्प्रिंगा बसवलेली, म्हणजे नाचणाऱ्या मडमांचे पाय दुखू नयेत. तळघरात बर्फाची खोली. आणि पुढची लिफ्ट! पितळी जाळी, महोगनीची पेटी, बिलोरी आरसा, चामड्याची घडीची बैठक. नव्या माहितीपुस्तिकेत आपण तिच्यावर दीड पान लिहिले आहे. त्या दीड पानात तिच्या दाराची रुंदी नाही. ती मी मोजली आहे: बावीस इंच. व्हीलचेअर पंचवीस इंच आहे. आठ कोट घातलेले साहेब जाऊ शकतील, एक बसलेला माणूस जाऊ शकत नाही.

दार तीन इंचांनी रुंद करावे अशी मी गेल्या वर्षी विनंती केली. उत्तर आले की पितळी जाळी हे इमारतीचे वारसामूल्य असल्याने तिला हात लावता येत नाही. मला ते पटले. मी भांडले नाही. आमच्यासाठी मागची लिफ्ट होती.

४. मागची लिफ्ट दिसायला लोखंडी डबा आहे. आरसा नाही, बैठक नाही. दार मात्र चार फूट रुंद आहे, कारण तिच्यातून बर्फाच्या लाद्या, कोळशाची पोती, धुण्याची बोचकी आणि वर्षातून एकदा पियानो न्यावा लागे. मालकांसाठी शोभेची लिफ्ट केली आणि कामासाठी कामाची. चाळीस वर्षे ती सांभाळणारा मेकॅनिक मला म्हणाला, "आंटी, फ्रंट वन ओन्ली हँडसम. धिस वन कॅन वर्क अनदर फिफ्टी इयर्स, लह." त्याला समितीपुढे बोलवावे अशी विनंती मी दुसऱ्या ई-मेलमध्ये केली होती. नोटेड विथ थँक्स.

५. समितीने यंदा ठरवले की इमारत १९३८ च्या मूळ रूपात न्यायची, म्हणजे वारसा पुरस्कारासाठी अर्ज करता येईल. आणि त्यासाठी १९३८ नंतर जे जे बसवले ते ते काढायचे. मूळ रूपच हवे असेल तर आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातले सहा एसी आधी उतरवा. १९३८ साली या इमारतीत एकही एसी नव्हता. भांडी घासण्याचे यंत्रही नव्हते. ते काढायचे तर आपल्या सौ. मेधाताई काय म्हणतील हे घरी विचारून घ्यावे. पण 'नंतर आलेल्या वस्तूं'च्या आपल्या यादीत एसी नाहीत. यादीत पहिली वस्तू मागील लिफ्ट आहे, आणि तिच्या रिकाम्या झालेल्या उभ्या बोगद्यात काचेचा जिना आणि इमारतीचा इतिहास दाखवणारे दालन होणार आहे. इतिहास दाखवण्यासाठी इतिहास पाडायचा आणि मग त्याचा फोटो लावायचा. ३० जूनपासून काम सुरू.

मी मेकॅनिकला सांगून लिफ्टच्या चौकटीवरचे सात थर रंग खरवडले. खाली पितळी पाटी निघाली, कंपनीचे नाव आणि साल १९३७. तिचा फोटो पाठवला. आपले उत्तर मी जपून ठेवले आहे, कारण एरवी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही: लिफ्ट १९३७ ची असू शकेल, पण ती या इमारतीत १९५८ साली बसवली असे लिखित पुराव्यावरून दिसते, सबब ती जुनी असली तरी मूळ नाही. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही.

संस्थेच्या १९५८ च्या इतिवृत्तात लिफ्टचा ठराव नाही, खर्च नाही, साधा उल्लेख नाही, हेही मी दाखवले. तीन मजुरांनी गवत कापल्याची नोंद आहे, पण लिफ्ट बसवल्याची नाही. इमारतीचे मूळ नकाशे युद्धात गेले, म्हणून दुसरा पुरावा काढता आला नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आपल्या समितीत बरोबर पाच मुखे आहेत, आणि पाचही मुखांतून एकच आकडा येतो: १९५८.

६. तर तो 'लिखित पुरावा'. तो म्हणजे श्री. मनोहर परचुरे यांनीच २००३ साली इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलेला 'आमचे हार्कोर्ट' हा लेख. इमारतीच्या इतिहासावर कोणत्याही भाषेत तेवढाच लेख आहे. आपण तो इंग्रजीत आणलात, पुस्तिकेत छापलात, आणि त्यातले एक वाक्य समितीपुढे ठेवलेत: 'मागील लिफ्ट १९५८ साली रहिवाशांच्या सोयीसाठी बसविण्यात आली.' ज्या माणसाची लिफ्ट काढायची त्याच्याच लेखातून आपण कारण काढलेत. हुशारी मानलीच पाहिजे.

नंतर १० मे रोजी आपण स्वतः आमच्या घरी आलात. मनोहरांसमोर स्मरणिका उघडून धरलीत, त्या वाक्यावर बोट ठेवलेत आणि मोठ्याने, जणू ते बहिरे आहेत अशा आवाजात, विचारलेत, "काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?" त्यांनी मान हलवली. एका आठवड्याने ठरावात वाक्य आले की मुख्य सभासदाने माहितीस दुजोरा दिला आहे.

७. आता थोडे आपल्याविषयी. श्री. निशिकांत रेगे, २०१९ साली आपल्याला या संस्थेत सभासद करून घेण्याविरुद्ध दोन मते होती. मनोहर तेव्हा बोलत होते. ते सभेत उभे राहिले आणि म्हणाले, मुलगा बँकेत असला तरी माणूस चांगला आहे. तुमच्या मुलीला, क्षिप्राला, पोहायला शिकवताना ते तलावाच्या काठावर अख्खी सुट्टी उभे राहिले. आपण मला जिन्यात भेटलात की वाकून 'काकू, काही लागलं तर सांगा हं' म्हणता. मी सांगितले. पाच वेळा सांगितले. काकू म्हणायला पदरचे काही जात नाही, एवढेच मला त्यातून कळले.

आणि वर आपण सुचवता की आम्ही घर विकून लिफ्ट असलेल्या जागी जावे. माझा मुलगा नील बिशानला राहतो, तोही हेच म्हणतो: "आई, जस्ट कम लह. माय ब्लॉक, लिफ्ट स्टॉप्स एव्हरी फ्लोअर." मुलगा प्रेमाने म्हणतो, आपण सोयीसाठी म्हणता, हा फरक मला समजतो. मी मनोहरांना विचारले. त्यांनी हात टेबलावर आडवा फिरवला. दोनदा. सरकारी ब्लॉकच्या लिफ्टमध्ये दोन व्हीलचेअर आणि वर एक सायकल मावते आणि या थाटाच्या इमारतीत एक मावत नाही, याची लाज समितीला वाटायला हवी. घर सोडण्याची पाळी आमच्यावर का यावी?

मला राग आला आहे. एकोणीस दिवस मी त्या माणसाला खिडकीपाशी बसलेला पाहते आहे. खिडकीतून हॉकर सेंटरचे छप्पर दिसते.

८. चिटणीस महोदय, इथे पाणी प्यायचे असेल तर प्यावे. यापुढचे सावकाश वाचा.

ते वाक्य मनोहरांनी लिहिलेले नाही.

आम्ही १९९८ साली इथे आलो. मंदीत भाव पडले होते म्हणून परवडले, आणि परवडले तेही मागच्या बाजूचेच. त्या वर्षी आमच्या दारावर एक वृद्ध चिनी बाई आली. अह क्वान तिचे नाव, वय सत्त्याहत्तर. चोआ चू कांगहून दोन बस बदलून आली होती, फक्त आपली जुनी खोली पाहायला. १९३९ पासून तिने या इमारतीत घरकाम केले. आमच्या दिवाणखान्याच्या जागी तिची खोली होती, शेजारी आणखी दोघींच्या. मागच्या लिफ्टने ती बर्फ चढवत असे; पहिल्या दिवशी तिला लिफ्टची भीती वाटली आणि ती तिसऱ्या मजल्यापर्यंत डोळे मिटून गेली, हे तिने करून दाखवले. मनोहरांना ती फार आवडली. पुढे नऊ वर्षे, ती जाईपर्यंत, ते महिन्यातून एकदा तिच्याकडे जात आणि ऐकलेले लिहून ठेवत. मी कधी गेले नाही.

स्मरणिकेच्या लेखात त्यांनी लिहिले होते ते असे: 'ही लिफ्ट इमारतीइतकीच जुनी आहे. तिच्यातून मालक कधी चढला नाही. बर्फ चढला, कोळसा चढला आणि अह क्वानसारख्या बायका चढल्या. आमचे घर म्हणजे अशा तीन बायकांच्या खोल्यांच्या भिंती पाडून केलेले घर. इमारतीची काम करणारी बाजू आमच्या वाट्याला आली, याचा मला अभिमान आहे.'

त्यांचे अक्षर वाईट, म्हणून लेख छापायला देण्याआधी मी उतरवून काढत असे. त्याच दिवाळीला माझी थोरली बहीण आणि मेहुणे शिरीषराव पुण्याहून प्रथमच येणार होते. पाच वर्षे मी पत्रांतून पितळी लिफ्टचे वर्णन करत होते. आता ते छापील वाचणार की सिंगापूरला जाऊन ही दोघे मोलकरणींच्या खोल्यांत राहतात, आणि शिरीषराव ते अख्ख्या कोथरूडला वाचून दाखवणार. मला ते सहन होईना. मी तो परिच्छेद वगळला आणि त्याच्या जागी एक वाक्य घातले. लिफ्ट रहिवाशांच्या सोयीसाठी बसविण्यात आली. साल हवे होते, नाहीतर खोटे वाटले असते, म्हणून साल घातले. ते कुठून आले, हे सोबतच्या शेवटच्या कागदावर दिसेल.

पाहुणे आले. त्यांच्या बॅगा पुढच्या लिफ्टमध्ये मावेनात, तरी मी तीन खेपा केल्या पण मागच्या लिफ्टने नेल्या नाहीत. बहीण म्हणाली, "दार किती गं अरुंद!" मी म्हटले, जुन्या राजेशाही लिफ्ट अशाच असतात.

स्मरणिका छापून आली तेव्हा मनोहरांनी ती वाचली, मिटली, आणि एवढेच म्हणाले, "सरोज, अह क्वानला मी काय सांगू?" तिला मराठी वाचता येत नव्हते, सांगावे लागले नाही. त्यानंतर बावीस वर्षे त्यांनी तो विषय काढला नाही. जिवंत बाईला तिच्या घरातून आणि तिच्या लिफ्टमधून मी एका ओळीत बाहेर काढले, आणि नवऱ्याने ते गिळले.

१० मे रोजी आपण बोट ठेवून विचारलेत तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग मान हलवली. चालीची एक चूक सहन न होणारा माणूस, ज्याला हात फक्त आडवा फिरवायचा होता, त्याने तो मांडीवरून उचलला नाही. त्याने स्वतःची लिफ्ट दिली आणि माझी अब्रू ठेवली. आणि मी काय केले? मी कप खाली ठेवले आणि आपल्याला साखर किती विचारली.

पाच ई-मेलमध्ये मी पाटी, चौकट, दाराची रुंदी, इतिवृत्त, सगळे लिहिले. हे लिहिले नाही. तेव्हा या अर्जातला राग सगळाच आपल्यासाठी नाही, हेही समितीला इंग्रजीत सांगावे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

९. मात्र याने समितीची सुटका होत नाही. माझे खोटे एका ओळीचे होते. त्यावर भिंती पाडायला आपण निघालात. ती लिफ्ट १९५८ साली बसवली असती, अगदी काल बसवली असती, तरी तिच्यातून एक माणूस रोज जातो एवढे कारण तिला ठेवायला पुरे होते. ते कारण आपल्यापैकी एकालाही सुचले नाही. आपल्याला साल विचारावेसे वाटले.

सबब मागणी अशी. शनिवार दि. २८ जून रोजी संध्याकाळी पाच वाजता समितीची सभा आहे. उपविधी ३१ प्रमाणे हा अर्ज तिथे वाचला गेला पाहिजे, आणि मुख्य सभासद श्री. मनोहर परचुरे समोर हजर असले पाहिजेत. सभा तळमजल्यावर घ्यायची असेल तर त्यांना खाली आणण्यासाठी मागील लिफ्ट चालू करावी. लिफ्ट चालू करायची नसेल तर समितीच्या पाचही सदस्यांनी चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आमच्या घरी यावे. पाच खुर्च्या मांडलेल्या असतील. मधल्या वळणावर दम खायला जागा नाही, हे आधीच कळवते.

वाचन संपल्यावर आपण तीच स्मरणिका उघडावी, त्याच वाक्यावर बोट ठेवावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा: काका, हे तुम्हीच लिहिलंय ना? या वेळी मी दारात नसेन, त्यांच्या शेजारी बसलेली असेन. त्यांच्यापुढचे टेबल मी स्वच्छ पुसून, पूर्ण मोकळे करून ठेवीन. त्यांचा डावा हात फिरायला जागा लागते.

पाच अर्जांत नम्र होऊन झाले. हा सहावा. तेव्हा केवळ,

आपली सहसभासद,

सौ. सरोजिनी मनोहर परचुरे
घर क्र. ४-ड, पूर्वीच्या अह क्वान व इतर दोघींच्या खोल्या
रविवार, दि. २२ जून २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे:

१) उपविधी ३१ ची प्रत.
२) लिफ्टच्या पितळी पाटीचा फोटो, साल १९३७.
३) पुढच्या लिफ्टचे दार व व्हीलचेअर यांचा एकत्र फोटो. व्हीलचेअर आत गेलेली नाही, बाहेर अडकलेलीच आहे.
४) 'आमचे हार्कोर्ट' या लेखाचे मूळ हस्तलिखित पान. निळ्या शाईतला मजकूर श्री. मनोहर परचुरे यांचा. त्यावरची हिरव्या शाईची फुली आणि खालचे वाक्य माझे.
५) माझ्या ओळखपत्राची प्रत. लिफ्टचे साल कुठून आले असे समितीने विचारल्यास जन्मतारखेची ओळ दाखवावी. १९५८. घाईत दुसरे कुठलेच साल आठवले नाही.